संकेतस्थळास नवे रूप देताना
(सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आपण सर्व ग्रंथालयाच्या कामात वर्षानुवर्षे मुरलेली मंडळी आहात. संगणकशास्त्राचे रीतसर शिक्षण आपल्यापैकी फार थोड्यांनी घेतले असेल. तरीही संस्थेचे संकेतस्थळ सांभाळण्याची जबाबदारी अखेर आपल्यावरच येऊन पडते. ते उभारून देणारा तरुण नोकरीनिमित्त परगावी जातो, स्थळ जुनाट दिसू लागते, मोबाइलवर त्यातील अक्षरे वाचवत नाहीत. मग कार्यकारी मंडळाच्या सभेत त्याचे रूप बदलण्याचा ठराव होतो आणि अंमलबजावणी ग्रंथपालाकडे सोपविली जाते. ही अंमलबजावणी नवशिक्या माणसाने कोणत्या क्रमाने करावी आणि कोठे सावध असावे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

आशय आणि रूप

अशा स्थळांमागे बहुधा आशय व्यवस्थापन प्रणाली असते. द्रुपल, जूमला, वर्डप्रेस ही त्यांची परिचित नावे. त्यांपैकी वर्डप्रेस सर्वाधिक प्रचारात असल्याने मी तिचेच उदाहरण घेतो. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ च्या मे महिन्यात तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. ती मुक्त परवान्याखाली असल्यामुळे कोणालाही विनामूल्य वापरता येते, तपासता येते आणि तीत बदलही करता येतो. २००५ च्या प्रारंभी निघालेल्या दीड क्रमांकाच्या आवृत्तीत 'थीम'ची सोय आली. तेव्हापासून स्थळातील मजकूर आणि त्याचा बाह्य वेष या दोन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या ठेवता येऊ लागल्या.

हा भेद आपणांस नवा नाही. जीर्ण पुस्तकाची बांधणी आपण बदलतो, तेव्हा पुठ्ठा नवा येतो, कापड नवे येते, पाने मात्र तीच राहतात. थीमचेही तसेच आहे. आपल्या सूचना, नव्या ग्रंथांच्या याद्या, व्याख्यानमालेची वृत्ते हा सारा मजकूर माहितीसाठ्यात असतो, आणि तो कोणत्या रंगात, कोणत्या अक्षरांत, किती रकान्यांत दिसावा हे थीम ठरविते. परंतु बांधणारा बेफिकीर असेल तर कडा कापताना तो ओळींवरूनही सुरी फिरवितो, हेही आपण पाहिलेले आहे. काही थीम मजकुरातच आपल्या खास खुणा पेरून ठेवतात, तर काही 'ग्रंथपरिचय' किंवा 'कार्यक्रम' असे नोंदींचे प्रकारच स्वतःच्या पोटात बाळगतात. अशी थीम काढून टाकताच त्या खुणा पानावर उघड्या पडतात आणि त्या नोंदी दिसेनाशा होतात. नोंदी माहितीसाठ्यात शिल्लक असतात, पण वाचकाच्या दृष्टीने त्या हरवल्याच. तेव्हा थीम निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा, की उद्या ही काढावी लागली तर आपल्या मजकुराचे काय होईल?

थीम कोठून घ्यावी

वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात हजारो थीम विनामूल्य मिळतात आणि संग्रहात घेण्यापूर्वी त्यांची तपासणी होते. नवशिक्याने तेथूनच आरंभ करावा. काही संस्था एखाद्या कारागिराकडून खास थीम तयार करून घेतात किंवा विकत घेतात. त्यातही गैर काही नाही. मात्र विकाऊ थीमची प्रत कोणी फुकट देऊ केली तर ती घेऊ नये. थीम म्हणजे केवळ रंगसंगती नव्हे. ती आपल्या स्थळावर चालणारी आज्ञावली असते, आणि अशा चोरट्या प्रतींतून घातक आज्ञा दडवून आणल्या जातात. मग आपल्या नावावर विश्वासून आलेला वाचक भलत्याच जाहिरातींकडे किंवा फसवणुकीच्या पानाकडे ढकलला जातो. ग्रंथालयाची पत ही पिढ्यांची कमाई असते. थोड्याशा बचतीसाठी ती धोक्यात घालणे परवडणारे नाही.

प्रथम राखीव प्रत

थीम बसविण्यापूर्वी स्थळाची राखीव प्रत घ्यावी. तिचे दोन भाग असतात : एक माहितीसाठा, ज्यात मजकूर राहतो, दुसरा फायलींचा, ज्यात छायाचित्रे, थीम आणि जोड-आज्ञावल्या असतात. दोन्ही भाग हवेत. एकच घेतला तर पाने मिळतील पण चित्रे नाहीत, किंवा चित्रे मिळतील पण पाने नाहीत. शिवाय ही प्रत त्याच यंत्रावर न ठेवता ग्रंथालयाच्या संगणकावर उतरवून घ्यावी. ज्या घराला आग लागण्याची भीती, त्याच घरात विम्याचे कागद ठेवण्यात शहाणपण नाही.

दुसरी पूर्वतयारी कागदोपत्री आहे. व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द कोणाकडे आहे, आणि स्थळाकडून येणारी पत्रे कोणत्या ई-मेल पत्त्यावर जातात, हे आधी पाहावे. तो पत्ता गाव सोडून गेलेल्या माणसाचा असेल तर तो प्रथम संस्थेच्या पत्त्याने बदलावा. याचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

बसविण्याची रीत

अधिकृत संग्रहातील थीम असेल तर व्यवस्थापन-दालनात 'अपिअरन्स' या विभागाखालील 'थीम्स'चे पान उघडावे, नवी जोडण्याचा पर्याय घ्यावा, नाव शोधावे आणि 'इन्स्टॉल'ची कळ दाबावी. बाहेरून आणलेली खास थीम असेल तर ती झिप स्वरूपाच्या एकाच गठ्ठ्यात मिळते आणि त्याच पानावरील 'अपलोड'च्या पर्यायाने चढविता येते.

येथे नवशिक्याला दोन अडथळे हमखास भेटतात. पहिला असा, की गठ्ठा चढविल्यावर 'स्टाइल डॉट सीएसएस ही फाइल आढळत नाही' अशा अर्थाची सूचना येते. ही फाइल म्हणजे थीमचे नामपृष्ठ होय. थीमचे नाव, कर्ता, आवृत्ती हे सारे तिच्या आरंभी लिहिलेले असते, आणि ती जागच्या जागी नसेल तर प्रणाली गठ्ठ्याला थीम मानीत नाही. पुष्कळदा थीम सदोष नसतेच. विक्रेत्याने मोठ्या गठ्ठ्यात माहितीपत्रक, परवाना आणि नमुने घातलेले असतात, आणि खरी थीम त्यातल्या एका लहान झिपमध्ये असते. मोठा गठ्ठा आपल्या संगणकावर उलगडून आतील लहान झिप तेवढी चढवावी.

दुसरा अडथळा आकाराचा. ज्या पीएचपी भाषेवर वर्डप्रेस चालते, तीत चढवावयाच्या फाइलची मूळ मर्यादा अवघी २ मेगाबाइट आहे. सेवा पुरविणारे बहुधा ती वाढवून देतात, पण तीही ओलांडली गेली तर थीम नाकारली जाते. अशा वेळी सेवा पुरविणाऱ्यास मर्यादा वाढविण्याची विनंती करावी, किंवा थीमचे उलगडलेले फोल्डर फाइल-व्यवस्थापकाच्या साहाय्याने 'डब्ल्यूपी-कन्टेन्ट'मधील 'थीम्स' या फोल्डरात ठेवावे. परिणाम एकच होतो.

थीम बसली म्हणजे ती लगेच दिसू लागत नाही. बसविणे आणि सक्रिय करणे या दोन स्वतंत्र पायऱ्या आहेत, आणि ही सोय आपल्या फायद्याची आहे. मधल्या वेळात पूर्वदर्शन घ्यावे. मोबाइलवर पान कसे दिसते, लांब शीर्षक कसे मोडते, जुन्या वृत्तातील छायाचित्रे ठीक बसतात की नाही, हे पाहून मगच थीम सक्रिय करावी. त्यासाठी वाचकांची वर्दळ कमी असण्याची वेळ निवडावी. सक्रिय केल्यावर दर्शनी पान ओळखू येत नाही, सूची नाहीशी झाल्यासारखी वाटते. घाबरण्याचे कारण नाही. सूची नव्या थीममधील जागांवर पुन्हा नेमून द्यावी लागते, एवढेच.

देवनागरीची परीक्षा

थीमचे नमुने बहुधा इंग्रजी मजकूर घालून दाखविलेले असतात. त्यावरून निवड केली तर मराठी पानावर निराशा पदरी येते. म्हणून आपलाच एक मराठी परिच्छेद घालून थीम पारखावी. त्यात 'र्‍या', 'ट्ट', 'द्ध' यांसारखी जोडाक्षरे असावीत. इंग्रजी शीर्षकांत शोभेसाठी अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडण्याची पद्धत आहे. तीच देवनागरीला लावली की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. रोमन अक्षरांना पुरणारे ओळींतील अंतर आपल्या मात्रा, अनुस्वार आणि उकारांना अपुरे पडते, तेव्हा ते वाढवावे. थीमच्या अक्षरसंचात देवनागरी नसेल तर वाचकाच्या यंत्रात जो असेल तो वापरला जातो आणि प्रत्येकाला पान निराळे दिसते. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' किंवा गूगलचा 'नोटो' यांसारखे मुक्त परवान्याचे अक्षरसंच उपलब्ध आहेत.

स्थळाची भाषा 'मराठी' अशी नोंदविण्यासही विसरू नये. ज्या अक्षरसंचांत तशी सोय असते, ते ही नोंद वाचून ल आणि श यांची मराठी वळणे दाखवितात. पाकळीचा ल आणि देठाचा श यांचा आग्रह राज्य शासनाच्या वर्णमालाविषयक निर्णयांतही आहे. दृष्टिहीन वाचकांसाठी पान वाचून दाखविणारी आज्ञावलीही या नोंदीवरूनच उच्चार ठरविते.

बदल करावयाचे असल्यास

थीममध्ये किरकोळ बदल करण्याची इच्छा प्रत्येकास होते. तो मूळ फाइलींत करू नये. थीमची सुधारित आवृत्ती आली की मूळ फाइली पुसल्या जाऊन नव्या येतात आणि आपले श्रम वाया जातात. सुधारणा टाळावी तर सुरक्षिततेतील छिद्रे उघडी राहतात. यावर उपाय म्हणजे 'चाइल्ड थीम', अर्थात उपथीम. एका वेगळ्या फोल्डरात स्वतःची स्टाइल फाइल ठेवून तीत मूळ थीमच्या फोल्डरचे नाव अचूक नोंदवावे आणि आपले बदल तेथे लिहावेत. मूळ थीम सुधारत राहते, आपले बदल टिकतात. २०२२ च्या जानेवारीत आलेल्या ५.९ या आवृत्तीपासून ठोकळ्यांवर आधारलेल्या थीमही वापरता येतात. त्यांत संपादकाच्या पटलावर केलेले बदल माहितीसाठ्यात राहतात, त्यामुळे साध्या गरजांसाठी उपथीम लागतेच असे नाही.

संकट आले तर

सर्व काळजी घेऊनही थीम सक्रिय करताच पान कोरे पडू शकते. २०१९ च्या मे महिन्यातील ५.२ या आवृत्तीपासून अशा प्रसंगी प्रणाली व्यवस्थापकाच्या ई-मेल पत्त्यावर एक विशेष दुवा पाठविते. त्यावरून आत शिरून सदोष थीम थांबविता येते. पत्ता संस्थेचा हवा असे मघाशी सांगितले, ते यासाठी. दुवा आला नाही तर फाइल-व्यवस्थापकातून सदोष थीमच्या फोल्डरचे नाव बदलावे आणि व्यवस्थापन-दालनातील थीमचे पान उघडावे. सक्रिय थीम सापडत नाही असे पाहून प्रणाली आपल्या मूलभूत थीमकडे परतते. म्हणून वर्डप्रेससोबत येणाऱ्या मूलभूत थीमपैकी एक तरी जतन करून ठेवावी. बाकीच्या निरुपयोगी थीम मात्र काढून टाकाव्यात.

समारोप

मित्रहो, या साऱ्या विवेचनात अवघड असे थोडेच आहे. राखीव प्रत, विश्वासाचे मूळ, पूर्वदर्शन, मराठी मजकुराची कसोटी आणि परतीची वाट, या पाच गोष्टी सांभाळल्या की नवशिक्याचे काम निर्धास्तपणे पार पडते. त्यांत सहावी मी आपल्याच शिस्तीतून जोडतो. दाखल-नोंदवहीत आपण प्रत्येक ग्रंथाची नोंद करतो, तशीच एक वही संकेतस्थळासाठी ठेवावी. कोणती थीम, कोठून घेतली, कोणत्या तारखेला बसविली, कोणते बदल केले आणि राखीव प्रत कोठे आहे, हे तीत लिहावे. परवलीचे शब्द मात्र त्या वहीत न लिहिता मोहोरबंद पाकिटात संस्थेच्या कपाटात ठेवावेत.

आज गावातला मुलगा ग्रंथालयाचा पत्ता रस्त्यावर विचारीत नाही, तो मोबाइलवर शोधतो. त्याला तेथे जे पान दिसेल ते आपल्या संस्थेचे दार आहे. ते दार दुसऱ्या कोणाच्या किल्लीवर अवलंबून राहू नये, आपल्या कार्यकर्त्यांना स्वतः उघडता आणि लावता यावे. एवढी स्वाधीनता आपल्या ग्रंथालयांना लाभली, तर सभेतील तो ठराव खऱ्या अर्थाने अमलात आला असे म्हणता येईल.