वहीतला डास

खडकवासल्याच्या जलाशयाकाठी राहणाऱ्याला डासाचं काय कौतुक? पण कीटकांची तिकिटं जमवण्याचा माझा नाद डासापासूनच सुरू झाला. १९८१ची चार फुलपाखरं, २०१७चे लेडीबर्ड भुंगेरे नंतरचे. हे १९६२चं, हिवताप निर्मूलनाचं, १५ नव्या पैशांचं; बोधचिन्हात डास. आजोबांनी अब्बांना धाडलेल्या पाकिटावर होतं. घरचे जुने कागद १९६१च्या पानशेतच्या पुरात गेलेले, या पाकिटातलं पत्रही हरवलेलं. आजोबांचं अक्षर उरलं होतं ते पत्त्यापुरतं. मी दहा वर्षांचा. अख्खं पाकीट पाण्यात बुडवलं. तिकीट अलगद सुटलं, शाईही सुटली. अम्मी ओरडली. अब्बांनी काही न बोलता पाकीट उन्हात वाळत घातलं. आता वहीत तिकिटासमोर ते कोरं पाकीट आहे. उजेडात तिरकं धरलं, की टाकाचे ओरखडे दिसतात.