तीन मिलिमीटरची फट



अध्यक्षीय भाषणात साऱ्या विषयाचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. मी ती मोडून एकाच हाडाबद्दल बोलणार आहे, मांडीच्या. आणि मराठीत बोलणार आहे, कारण या हाडाविषयी रुग्णांशी आणि त्यांच्या घरच्यांशी मी आयुष्यभर जे बोललो ते मराठीतच. त्यातलं एक वाक्य मला आज तुमच्यासमोर दुरुस्त करायचं आहे: ‘काळजी करू नका, रॉड टाकलाय.’

मी विद्यार्थी असताना अस्थिरोग वॉर्डात एक अख्खी रांग मांडी मोडलेल्यांची असे. नडगीच्या वरच्या टोकातून आरपार पिन, थॉमस स्प्लिंट, पायथ्याकडून विटांवर चढवलेला पलंग, दोरीला लोंबणारी वजनं. दोन-अडीच महिने माणूस पाठीवर. हाड बहुधा जुळायचं, पण पाय आखूड व्हायचा, गुडघा आखडायचा, पाठीला जखमा व्हायच्या, म्हाताऱ्यांची छाती भरायची. सुश्रुताने मांडी-नडगीच्या मोडीसाठी कपाटशयन सांगितलं आहे: फळीवर निजवायचं आणि पाच खुंट्यांच्या आधाराने पाय बांधून ठेवायचा. त्या फळीपासून आमच्या वॉर्डातल्या पलंगापर्यंत विचार एकच होता. हाड हलू नये म्हणून माणसालाच खिळवून ठेवायचं.

हा विचार शल्यचिकित्सक गेरहार्ड क्युंचर यांनी उलटवला. नोव्हेंबर १९३९ मध्ये, जर्मनीतल्या कील शहरात, त्यांनी मांडीच्या हाडाच्या पोकळीत स्टीलचा लांब खिळा, म्हणजे आपला ‘रॉड’, ठोकला. पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये शल्यचिकित्सकांच्या सभेत त्यांनी हे मांडलं तेव्हा ज्येष्ठांना ते रुचलं नाही. मज्जा नष्ट होईल, चरबीचे कण फुप्फुसात जाऊन बसतील, असे आक्षेप आले. ते पोकळ नव्हते. चरबीच्या कणांची धास्ती आपल्याला आजही असते. दुसरं महायुद्ध संपता संपता जर्मनांच्या कैदेतून सुटलेले सैनिक परतले, आणि त्यांच्या मांडीत धातूचा दांडा पाहून दोस्त राष्ट्रांचे डॉक्टर चक्रावले. मला मात्र या कथेत खिळ्यापेक्षा त्याची वाट महत्त्वाची वाटते. क्युंचर यांनी खिळा खुब्याकडून आत घातला. मोडलेली जागा उघडली नाही. तिथे साठलेलं रक्त तिथेच राहिलं.

त्या रक्ताच्या गाठीपासूनच हाड जुळायला सुरुवात होते. आधी तिच्यात कोवळी ऊती वाढते, मग कूर्चा, मग हाड. दावोसचे संशोधक स्टीफन पेरेन यांनी यातलं गणित उलगडून दाखवलं. कोवळी ऊती स्वतःच्या लांबीइतकी, म्हणजे १०० टक्के ताणली तरी तग धरते, कूर्चा साधारण १० टक्के सोसते, हाड जेमतेम २ टक्के. एक मिलिमीटरच्या फटीत अर्ध्या मिलिमीटरची हालचाल झाली तर ताण ५० टक्के, तिथे कूर्चा तयारच होणार नाही. तीच हालचाल दहा मिलिमीटरच्या चुऱ्यात वाटली गेली की ताण ५ टक्क्यांवर येतो. म्हणून एक्स-रेत भयंकर दिसणारा चुरा पुष्कळदा बिनबोभाट कॅलस, म्हणजे मोड सांधणारं नवं हाड, धरतो. खिळा थोडीशी हालचाल होऊ देतो, आणि तेवढीच हाडाला हवी असते. खिळा बसावा म्हणून रीमरने पोकळी कोरताना आतल्या रक्तवाहिन्या तुटतात हे खरं, पण मग हाडावरच्या आवरणातला रक्तपुरवठा वाढतो आणि कोरलेला भुगा कलमासारखा मोडीत उतरतो. आवरण आणि भोवतीचे स्नायू आपण ओरबाडले नाहीत, तरच हे घडतं.

पुढे १९७० च्या दशकात क्लेम आणि शेलमान, ग्रोस आणि केंफ या शल्यचिकित्सकांच्या कामातून खिळ्याच्या दोन्ही टोकांना आडवे स्क्रू आले. चुरा झालेली मांडीही आखूड न होता जुळू लागली. सिअ‍ॅटलच्या विंक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये खिळा घातलेल्या ५२० मोडींचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यातल्या ९९ टक्के जुळल्या होत्या. हा आकडा वाचून माझ्या पिढीला वाटलं, प्रश्न सुटला.

आता माझा रुग्ण सांगतो. उसाचा ट्रॅक्टर चालवणारा तिशीतला तरुण. मांडीच्या खालच्या तिसऱ्या भागात, जवळजवळ आडवी मोड. खिळा नीट बसला, दोन्हीकडचे स्क्रू लागले, मी समाधानाने हातमोजे काढले. चौथ्या महिन्यात कारखान्याचा हंगाम सुरू झाला आणि तो कामावर गेला. सातव्या महिन्यात ट्रॅक्टरवरून उतरताना, न पडता, न धडकता, मांडीत कट्‌कन आवाज आला. खालच्या दोन भोकांपैकी वरच्या भोकापाशी खिळा तुटला होता. मी त्याला सगळ्यांसमोर रागावलो. कुबड्या लवकर टाकल्यास, म्हणालो. तो म्हणाला, “डॉक्टर, तुम्हीच तर म्हणाला होता, रॉड टाकलाय.”

त्या रात्री मी त्याचा पहिल्या दिवसाचा एक्स-रे काढून पाहिला. हाडाच्या दोन टोकांमध्ये तीन मिलिमीटरची फट होती. ट्रॅक्शन टेबलावर पाय ताणलेला असतानाच मी दोन्हीकडचे स्क्रू घातले होते. फट रुंदावली की तिच्यातला ताण उतरतो, हे पेरेनच्या गणिताने खरं. पण कॅलसला ओलांडायचं अंतर वाढतं, टोकाला टोक टेकत नाही, आणि प्रत्येक पावलाचं सगळं वजन एकट्या धातूवर येतं. धातू थकतो. माणसाने चालण्यात चूक नव्हती, फट मी ठेवली होती. दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन मी त्याला ते सांगितलं.

मग आम्ही पोकळी जास्त कोरून जाड खिळा घातला. या खेपेला आधी खालचे स्क्रू, मग ट्रॅक्शन सैल, मग खिळा हलकेच मागे ठोकून टोकं भिडवली, सी-आर्मच्या एक्स-रेखाली भिडलेली पाहिली, आणि मगच वरचा स्क्रू. त्यानंतर पाचव्या महिन्यात एक्स-रेत चारपैकी तीन बाजूंनी कॅलस पलीकडे पोचला होता.

निवासी डॉक्टरांना माझी विनंती आहे. ऑपरेशननंतरच्या एक्स-रेत खिळ्याआधी फट बघा. डिस्चार्ज कार्डावर सहावा आठवडा, तिसरा महिना, सहावा महिना अशा तारखा मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा. रोजंदारी बुडेल म्हणून माणूस येत नाही, हे धरून चाला. नाही आला तर फोन करा. तिसऱ्या महिन्यात कॅलस दिसत नसेल, तर खिळा तुटण्याआधी निर्णय घ्यायला अजून वेळ असतो.

आणि ते वाक्य. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर रात्रभर बसलेल्या आईला मी आता असं सांगतो: “आई, रॉड आधाराला घातलाय. हाड अजून जुळायचंय, त्याला चार-सहा महिने लागतील. दीड महिन्याने याला घेऊन या. येताना आजचा फोटो बरोबर आणा, दोन्ही शेजारी लावून बघू.”