कटरच्या मागं सरपण वेचताना



आज सरपणावर बोलायचंय. तुम्ही म्हणाल, त्यात काय बोलायचं, जन्म गेला चुलीपुढं. खरं आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, घरोघरी गॅसची टाकी आली. पण टाकी भरायला पैसे लागतात, म्हणून चहा गॅसवर आणि भाकरी, आंघोळीचं पाणी, जनावरांचं आंबवण चुलीवर, असं पुष्कळ घरांत चाललंय. सरपण काही सुटलेलं नाही. ते तोडायची रीत मात्र बदलली. कुऱ्हाडीच्या जागी कटर आलं. पेट्रोलवर चालणारं, दातेरी चेनचं, झाड कापायचं मशीन.

मी हे मशीन पहिल्यांदा पाहिलं ते २०१२-१३ च्या दुष्काळात. पैठण, अंबड, जालन्याकडं तेव्हा मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. टँकरनं पाणी घालून लोकांनी जगवायचा प्रयत्न केला, पण किती दिवस घालणार? शेवटी झाडं तोडली. पोरासारखी वाढवलेली बाग तोडताना मालक बांधावर पाठ करून बसायचा. आम्ही बाया मात्र फांद्या गोळा करायला पळायचो. मोसंबीचं लाकूड घट्ट, निखारा चांगला धरतं. आणि फुकट. फुकटाच्या लाकडाला घाई फार असते, आपण मागं राहिलो तर दुसरी नेईल.

त्याच घाईनं मला धडा दिला. कटरवाला पडलेल्या खोडाच्या फांद्या तोडत होता, मी त्याच्या दोन हातांवर वाकून फाटे ओढत होते. एक फांदी खोडाखाली दबून वाकलेली होती. ती त्यानं कापली आणि सुटून ती सपकन माझ्या नडगीवर आली. हाड मोडलं. चेन मला लागलीच नव्हती, हे लक्षात घ्या. दीड महिना प्लास्टर होतं, पेरणीचे दिवस मी बाजेवर काढले, मजुरी बुडाली. कटरवाल्याला मी दोष देत नाही. मी तिथं उभीच राहायला नको होते, आणि ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता आमच्या घरी पुतण्याचं कटर आहे. चालवतो तो, पण पेट्रोल मी कालवते आणि कानस मी मारते. शिकून घेतलं. मशीन पुरुषाच्या हातात असतं, पण आजूबाजूला लाकडं उचलायला आपणच असतो. म्हणून त्याची माहिती आपल्याला पाहिजे.

आधी उभं कुठं राहायचं ते सांगते. उभं झाड पाडायचं असेल तर झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब. झाड वीस फुटांचं असेल तर चाळीस फूट. शेंडा कुठल्या बाजूला पडणार ते आधी विचारायचं, पण त्यावर विसंबायचं नाही. वारा आला, बुंधा आतून पोकळ निघाला, तर झाड आपलं ऐकत नाही. जवळून विजेची तार जात असेल तर त्या झाडाला हातच लावायचा नाही. महावितरणला कळवायचं, लाइन बंद झाल्यावर काम करायचं. पाडलेलं झाड तोडताना निदान वीस पावलं दूर राहायचं आणि मशीन बंद झाल्याशिवाय एकही काडी उचलायची नाही. मशीनच्या आवाजात आणि कानात बोळे घातल्यावर चालवणाऱ्याला आपली हाक ऐकू येत नाही. मागून जाऊन त्याच्या खांद्याला हात लावायचा नाही. समोरून, त्याला दिसेल असं, हात वर करून थांबवायचं. आमच्यात एक बाई शिट्टी घेऊन उभी असते. मशीन बंद झालं, चालवणाऱ्यानं खाली ठेवलं, की ती शिट्टी वाजवते, मग बाकीच्या जातात. पहिल्या दिवशी सगळ्या हसल्या होत्या, शाळेची मास्तरीण म्हणून.

पदर कमरेला घट्ट खोचायचा, ओढणी असेल तर काढूनच ठेवायची, वेणीचा अंबाडा. बांगड्या काढा म्हटलं की काही जणींना बरं वाटत नाही, मला कळतं. पण काचेच्या बांगड्यांवर फांदी बसली तर काच हातात घुसते. पायात चप्पल नको, बूट पाहिजे. लेकाचे शाळेचे जुने बूट असले तरी चालतील. वेड्या बाभळीचा काटा पातळ चपलेतून आरपार जातो, आत मोडला की पाय सुजून पिकतो. चालवणाऱ्याला तर डोळ्यावर चष्मा, कानाला बोळे, अंगात जाड कपडे आणि पायात जाड बूट पाहिजेतच.

आता दबलेली फांदी. ही गोष्ट नीट समजून घ्या, माझं हाड हिच्यापायी मोडलंय. ओली छडी दोन्ही हातांनी वाकवून बघा. आतली बाजू दबते, बाहेरची ताणते. ताणलेल्या बाजूवर एकदम कापलं तर छडी उसळते. म्हणून आधी दबलेल्या बाजूनं थोडं कापायचं, मग ताणलेल्या बाजूनं हळूहळू तोडायचं. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला आणि मधे अधांतरी असेल तर वरची बाजू दबलेली असते. तिथं आधी वरून थोडं, मग खालून. एकच टोक टेकलंय आणि दुसरं लोंबतंय, तर उलटं, आधी खालून, मग वरून. पट्टी लाकडात अडकली तर चालू मशीन ओढाताण करून काढायचं नाही. बंद करायचं, लाकडाची पाचर ठोकायची, चीर उघडली की पट्टी सुटते.

मशीन उसळतं ते वेगळं. चेन ज्या लांब पट्टीवर फिरते, त्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की आख्खं मशीन क्षणात चालवणाऱ्याच्या तोंडाकडं उडतं. चेन सेकंदाला वीस मीटरच्या आसपास पळत असते, डोळा लवायलाही वेळ मिळत नाही. म्हणून टोकानं कापायचं नाही. दोन्ही हातांनी धरायचं, डाव्या हाताचा अंगठा दांड्याखालून वळवलेला. खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही. शिडीवर किंवा झाडावर चढून एका हातानं कापणारे मी पाहिलेत. तसं कुणी करत असेल तर मी तिथं थांबत नाही. पुढच्या दांड्यासमोर एक उभी ढाल असते, ती चेनचा ब्रेक. मशीन उसळलं की ती मनगटाला लागून पुढं ढकलली जाते आणि चेन जागच्या जागी थांबते. रोज सकाळी कामाआधी हा ब्रेक लागतो का ते बघायचं. मशीन सुरू करतानाही ब्रेक लावलेला, मशीन जमिनीवर ठेवलेलं आणि मागच्या दांड्यात पाय दाबलेला पाहिजे. हातात लोंबतं धरून दोरी ओढायची नाही.

देखभाल मात्र आपल्या हातची आहे, चुलीची राख काढण्याइतकी सोपी. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावं लागतं. आमच्या मशीनला एक लिटरला २० मिली, काहींना ४० मिली लागतं, ते मशीनच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. मी औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकण वापरते, ते त्याच कामाला, पुन्हा औषधाला नाही. नुसतं पेट्रोल घातलं तर इंजिन जाम होतं, आणि तो खर्च मोठा. कालवलेलं पेट्रोल महिन्याच्या वर ठेवू नका. आणि पाण्याच्या बाटलीत तर कधीच नको. उन्हाचं तहानलेलं लेकरू बाटली बघतं, आत काय आहे ते बघत नाही. गरम मशीनमध्ये पेट्रोल ओतायचं नाही, निवू द्यायचं, आणि त्या वेळी आसपास बिडी नको. भरल्या जागेवरून चार-पाच पावलं लांब नेऊन मग सुरू करायचं.

चेनला तेल वेगळं लागतं, त्याची टाकी वेगळी असते. पेट्रोल भरलं की तेलही भरायचं, एवढी सवय लावली की पुरे. तेल येतंय का बघायला चालवणाऱ्यानं पट्टीचं टोक पुठ्ठ्यासमोर, न टेकवता, धरून मशीन जोरात फिरवायचं. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली तर ठीक. ट्रॅक्टरचं जळकं काळं तेल घालू नका, त्यातली घाण पट्टी खाते. चेनचा ताण मशीन बंद आणि थंड असताना बघायचा, हातात मोजे घालून. चेन पट्टीला खालून चिकटलेली पाहिजे, आणि ब्रेक सोडून हातानं ओढली तर सरकली पाहिजे. फार सैल असली तर उतरते, फार घट्ट असली तर तापते. हवेची जाळी रोज झटकायची, झाकणाखालचा भुसा काढायचा.

धार गेली हे ओळखायला मशीन थांबवून खाली बघायचं. पोह्यासारख्या ढलप्या पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडत असेल तर धार गेली. बोथट चेनवर माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की घात होतो. गोल कानस आतून बाहेर, एकाच दिशेनं मारायची, इळ्यावर घासल्यासारखी मागं-पुढं नाही. प्रत्येक दाताला सारखे हात, मी तीन मारते. एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी झाले तर मशीन तिरकं कापतं. कुठल्या चेनला किती जाडीची कानस ते दुकानात चेन दाखवून विचारायचं. आणि चेन थांबलेली आहे तरी मशीन बंद, हातात मोजे. थांबलेली चेनही बोट कापते.

सगळं लाकूड आपलं नसतं, तेही सांगते. कन्नडच्या गौताळा अभयारण्यातून सरपण आणू नका, कायद्यानं बंदी आहे आणि तिथं बिबट्या आहे. आपल्या शेतातली झाडं आपली असली तरी साग, चंदन, खैर, आंबा, चिंच, जांभूळ, मोह अशी झाडं तोडायला १९६४ च्या कायद्यानं परवानगी लागते. आधी तलाठ्याकडं चौकशी करा. कण्हेरीची फांदी चुलीत घालू नका, तिचा धूरही विषारी असतो. आणि पऱ्हाट्यांचे ढीग घराजवळ वर्षभर रचून ठेवायची आपली सवय आहे ना, त्यातल्या उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी राहते. २०१७ ला तिनं कापूस कसा खाल्ला ते विसरला नसाल. बोंडं झोडून जाळा, मग काड्या रचा. ढिगातली काडी ओढायच्या आधी लांब काठीनं हलवा, खाली घोणस किंवा विंचू असतो. साप चावलाच तर कापायचं नाही, दोरी आवळायची नाही, मांत्रिकाकडं जायचं नाही. हातपाय स्थिर ठेवून सरळ सरकारी दवाखाना. चेन लागून रक्त आलं तर स्वच्छ कापड दाबून धरायचं, सोडून बघायचं नाही, आणि १०८ ला फोन करायचा. तो नंबर फोन नसलेल्या बाईलाही पाठ पाहिजे.

गेल्या साली आमच्या वस्तीवर एक नवा कटरवाला आला. मी म्हटलं, "दादा, काम सुरू करायच्या आधी ब्रेक दाखवा." तो हसला, म्हणाला, "मावशी, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" तरी त्यानं ढाल पुढं ढकलली. चेन फिरतच राहिली. त्यानं पुन्हा ढकलली, मग मशीन बंद करून गपचूप झाकण उघडायला बसला. त्या दिवशी आम्ही बाभळीच्या फांद्या कुऱ्हाडीनंच तोडल्या. संध्याकाळपर्यंत अर्ध्याच झाल्या. दुसऱ्या दिवशी तो दुरुस्त करून आला आणि न विचारता त्यानं आधी ब्रेक दाखवला.