जनरल थोरातांचे दुसरे पदक

कोयनानगरला संमेलन भरले की बोलणे धरणाकडे, विजेकडे आणि 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाकडे वळते, आणि ते योग्यच आहे. पण या खोऱ्याने आणि एकूणच सातारा-सांगलीच्या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या दिले ते शिपाई. अपशिंग्यासारख्या गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द चिकटला. 1961 साली सैनिकी शाळा निघाली तीही साताऱ्यात. इथे सैनिकाचा मान राखा असे कुणाला सांगावे लागत नाही. मला बोलायचे आहे ते त्या मानाच्या मापाबद्दल. शिपायाची थोरवी आपण जिंकलेल्या टेकडीवरून मोजतो. हे माप खोटे नाही, पण अपुरे आहे, असे माझे म्हणणे आहे. त्याला आधार म्हणून शेजारच्या कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांच्याकडे पाहू.

थोरातांच्या छातीवर दोन मोठी पदके होती. पहिले डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर), ब्रह्मदेशातल्या आराकान किनाऱ्यावर कांगॉ येथे 1945 च्या आरंभी झालेल्या लढाईबद्दल. 51 व्या भारतीय ब्रिगेडमधल्या तिन्ही पलटणींचे नेतृत्व तेव्हा भारतीय अधिकाऱ्यांकडे होते: थोरात, थिमय्या आणि एल. पी. सेन. तिघांनाही डीएसओ मिळाले. भारतीय माणूस पलटण चालवू शकेल का, या इंग्रजांच्या जुन्या शंकेला जपान्यांसमोरच्या त्या डोंगरावर उत्तर मिळाले. ही कथा आपल्याला सांगायला आवडते. दुसरे पदक अशोकचक्र वर्ग 2, ज्याला 1967 पासून कीर्तिचक्र म्हणतात. ते रणांगणावर शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्यासाठी नसतेच. थोरातांना ते मिळाले कोरियात, आणि तिथे ते लढायला गेलेच नव्हते.

27 जुलै 1953 रोजी कोरियात युद्धविराम झाला, पण युद्धबंद्यांचा तिढा सुटला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूकडे असलेल्या कैद्यांपैकी सुमारे 22,600 चिनी आणि कोरियन कैद्यांचा मायदेशी परतण्यास नकार होता. उलट बाजूला असे 359 जण होते. त्यांच्यासाठी पाच तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. अध्यक्ष झाले जनरल थिमय्या, आणि कैद्यांच्या राखणीसाठी गेलेल्या सुमारे सहा हजारांच्या भारतीय दलाचे प्रमुख झाले मेजर जनरल थोरात. कांगॉचे दोन साथीदार आठ वर्षांनी पुन्हा एकत्र आले. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांचा भारतीयांवर इतका राग की आपल्या भूमीला त्यांचे पाय लागू द्यायचे नाहीत असा त्यांचा हट्ट. म्हणून आपले जवान बोटीतून हेलिकॉप्टरने थेट सीमेवरच्या लष्करमुक्त पट्ट्यात उतरवावे लागले. छावणीतले बहुतेक कैदी कडवे कम्युनिस्टविरोधी होते आणि आपल्याला बळाने परत पाठवतील या भयाने पेटलेले होते. सप्टेंबरमध्ये त्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला आत ओढून ओलीस धरले. तारेबाहेर थोरातांच्या हाताशी बंदुका होत्या. बळ वापरले असते तर अधिकारी कदाचित सुटला असता, कदाचित नसता. पण प्रेतांचा खच पडला असता आणि दोन महिन्यांचा तो युद्धविरामही डळमळला असता. थोरात मोजक्या माणसांसह स्वतः कुंपणाच्या आत गेले, भडकलेल्या जमावाशी बोलले आणि जीवहानी न होता ग्रेवालांना सोडवून आणले.

याला मी शिपायाचे शांतिकार्य म्हणतो. यावर पहिला आक्षेप असा येईल की ही नोकरी होती. सरकारने पाठवले, ते गेले, याला शांतिकार्य का म्हणायचे? हुकूम माणसाला छावणीच्या दारापर्यंत नेतो. आत रिकाम्या हाताने जावे, असा हुकूम कुणी दिला नव्हता. सेनापतीने बाहेर थांबून हाताखालच्यांना पाठवणे कोणत्याही नियमाने गैर ठरले नसते. जो निर्णय दुसऱ्या कुणी सहज वेगळा घेतला असता, तोच त्या माणसाचा स्वतःचा असतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला भारतीय पहारेकऱ्यांना गोळीबार करावा लागला आणि काही कैदी मारले गेले. मायदेशाच्या प्रतिनिधींनी कैद्यांना समजावून सांगण्याची जी प्रक्रिया ठरली होती, ती थोड्याच कैद्यांपर्यंत पोहोचली. जानेवारी 1954 मध्ये उरलेल्यांना जिथून घेतले होते तिथेच परत सोपवावे लागले. मग यश कुठले? हे सारे खरे आहे आणि गौरवाच्या भरात ते झाकू नये. पण पट्ट्यात पुन्हा युद्ध भडकले नाही, आणि त्या काही महिन्यांत दोन्ही महासत्तांच्या शिव्या खाऊनही भारतीय दल कोणाचे हस्तक झाले नाही. शांततेचे यश बहुधा असेच, न घडलेल्या गोष्टींच्या रूपात असते. ते दिसत नाही, म्हणून त्याची बखर कुणी लिहीत नाही.

तिसरा आक्षेप थोरातांच्याच पुढच्या आयुष्यातून निघतो. पूर्व विभागाचे प्रमुख असताना त्यांनी 1960 साली ‘लाल किल्ला’ नावाचा सराव घेऊन चीन कसा चाल करून येईल हे मांडले होते. 1962 मध्ये घडले ते त्याच्याशी बरेच जुळणारे होते. असा माणूस शांततावादी कसा? तो नव्हताच, आणि मी तसे म्हणतही नाही. युद्ध कसे येते हे ज्याला नेमके कळते तोच ते कुठे थोपवता येईल हेही ओळखतो. कोरियातली ती शांत चाल आणि चीनविषयीचा तो इशारा एकाच डोळ्याने पाहिलेल्या दोन गोष्टी आहेत. हा डोळा कांगॉच्या लढाईत तयार झाला होता. म्हणून दुसऱ्या पदकाला पहिल्याचे प्रायश्चित्त समजणे मला मान्य नाही. ते त्याच कसबाचे अधिक अवघड रूप आहे. गोळी झाडायला शिकवता येते. ती कधी झाडायची नाही, हे ठरवायला लढाई पाहिलेला आणि मनावर ताबा असलेला माणूस लागतो.

आता आपल्या, म्हणजे लिहिणाऱ्यांच्या वाट्याचे. मराठीत युद्धकथा भरपूर आहेत; कोरियातल्या या पहाऱ्याची कथा आपल्या वाचकाच्या कानावर क्वचितच येते. थोरातांचे आत्मचरित्रही इंग्रजीत आहे. त्या दलाच्या टपालासाठी भारतीय तिकिटांवर देवनागरीत ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ असे छापले होते. ‘कटक’ हा बखरीतल्या मराठीचा शब्द, सैन्य या अर्थाचा. त्याला ‘संरक्षा’ जोडून कुणीतरी या कामाचे नेमके नाव ठेवले, ते वाचायचे आपल्याकडून राहून गेले. सातारा-सांगलीच्या गावांत जुन्या लोखंडी ट्रंकांच्या तळाशी अशी तिकिटे लावलेली पाकिटे कुठे असतील, तर ती पुढच्या संमेलनाआधी उघडली जावीत, आणि आतला मजकूर इथे, या मंचावर, वाचला जावा.