तुकड्यांची जुळणी आणि मुलांची बुद्धी

जयपूरजवळच्या सांगानेर येथे कापडावर ठसेछपाई चालते. नक्षीची बाह्यरेषा एका लाकडी ठशाने उमटते, आतला रंग दुसऱ्याने भरला जातो. पुढचा ठसा आधीच्या ठशाला नेमका भिडला, तरच वेलबुट्टी अखंड दिसते. अशा घरात वाढणाऱ्या मुलाच्या नजरेला जुळणीचा सराव आपोआप होत असतो. बुद्धिमापनासाठी त्याच्यापुढे लाल-पांढरे ठोकळे ठेवून समोरच्या चित्रासारखी आकृती रचायला सांगितली, तर मिळालेले गुण बुद्धीचे मानायचे की सवयीचे? दोन्हींचे, असेच म्हणावे लागते.

ही ठोकळ्यांची कसोटी सॅम्युएल कोह्स यांची, १९२० च्या सुमाराची. चंद्रमोहन भाटिया यांनी १९५५ साली आपल्या कृतिकसोट्यांच्या संचात तिचा समावेश केला. अक्षरओळख नसलेल्या मुलांचेही मापन व्हावे, हा त्यामागील हेतू होता. नागपूरच्या डॉ. मालिन यांनी वेक्स्लर मापनश्रेणीचे जे भारतीय रूपांतर केले, त्यातही ती आहे. भाषेची अडचण यामुळे कमी झाली. परिसराचा प्रभाव मात्र उरलाच.

आकृतीचे मनात भाग पाडणे, एखादा भाग मनातल्या मनात फिरवून पाहणे आणि त्यांतून पुन्हा अखंड आकृती उभी करणे, ही क्षमता येथे मोजली जाते. ठोकळे रचताना मात्र हाताची चपळाई आणि घड्याळ हेही परीक्षक होऊन बसतात. म्हणूनच वेक्स्लर श्रेणीच्या २०१४ च्या आवृत्तीत निराळी कोडी आली. सहा तुकड्यांपैकी कोणते तीन जोडले असता दिलेली आकृती तयार होईल, एवढेच मुलाने सांगायचे. हात वगळला गेला; पण प्रत्येक कोड्याला वेळ तीसच सेकंदांचा. अंधुक दृष्टीचे किंवा सावकाश विचार करणारे मूल येथेही मागे पडू शकते.

प्रश्न गुणांपुरता नाही. वाचनात अडखळणारे एखादे मूल या कोड्यांत उत्तम गुण मिळवते, शब्दांवर आधारलेल्या कसोट्यांत मात्र मागे राहते. दोन्हींचा एकच बुद्ध्यंक काढला, की ही तफावत झाकली जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि बौद्धिक अक्षमता यांची स्वतंत्र नोंद केली आहे. एका आकड्याच्या आधारे त्यांची गल्लत झाली, तर मुलाच्या शिक्षणाची दिशाच बदलते. अहवाल हाती आल्यावर पालकांनी उपकसोटीनिहाय गुण अवश्य मागावेत आणि चाचणीपूर्वी मुलाचे डोळे तपासले होते काय, हेही विचारावे.