भरतीचा फेरा



२०२१ सालच्या २२ जुलैला महाडात आणि पोलादपुरात काय झाले, ते इथे बसलेल्यांना आम्ही सांगावे असे नाही. घाटावरून सावित्री उतरते, बाणकोटच्या खाडीतून भरती वर चढते, आणि दोघींची गाठ पडली की पेठेतले पाणी लवकर हटत नाही. रात्रपाळीचा कामगार विचारतो, ‘भरती केव्हा?’ फेरा किती तासांचा हे कळले, की काल पाहिलेल्या भरतीवरून उद्याची सांगता येते.

आम्ही आधी घोटाळा केला. दासगावच्या बाजूला खाडीकाठी पट्टी रोवली आणि रोज सकाळी सातला पाणी टिपले. संगणकाने फेरा सांगितला पंधरा दिवस! यंत्र खोटे बोलले नव्हते. भरती रोज सुमारे ५० मिनिटे मागे पडते, ती पंधरवड्याने पुन्हा सातला भेटते. दिवसातून एकदाच पाहणाऱ्याला एवढेच दिसायचे. मुकादमही कारखान्यात दिवसातून एकदाच फिरकतो, आणि सगळे ठीक असल्याचे लिहितो!

मग ऐन उन्हाळ्यात दर तासाला नोंद केली. पावसाळ्यात पुराच्या पाण्याखाली भरती दबून जाते. आज्ञावली लहानशीच. प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करायची. तीच यादी एक तास, दोन तास अशी खाली सरकवून मूळ यादीशी गुणायची आणि बेरीज पाहायची. चढाखाली चढ आला की बेरीज फुगते, चढाखाली उतार आला की ती उणे होते. शून्य सरकवणीला ती सर्वांत मोठी असणारच, ती धरायची नाही. एकदोन तासांचीही नाही. बेरीज उणे होऊन पुन्हा वर येईपर्यंत थांबायचे.

आमच्या यंत्राने सर्वांत मोठी बेरीज २५ तासांवर दाखवली. एक पोर म्हणाला, ‘म्हणजे भरती दिवसातून एकदाच?’ पण १२ वरही उंचवटा होता. खरा फेरा बाराच्या थोडा पुढे, म्हणून तासाच्या खुणांत त्याची दुप्पटच नेमकी बसली. पुढे सरकत गेलो, तर बारावा उंचवटा १४९ तासांवर आला. १४९ भागिले १२, म्हणजे १२ तास २५ मिनिटे. चंद्राचा हिशेबही तेच सांगतो.

दोनचार दिवसांपुरते एवढ्यावर भागते. पावसाला मात्र असा फेरा नाही. घाटमाथ्यावरचा पाऊस निराळाच मोजावा लागेल, आणि पोलादपूरच्या मंडळींशी ते बोलणे अजून व्हायचे आहे.