पेशींची चाल आणि एका प्रथिनाची उणीव

(कबनूर येथील देणगीदार व रुग्ण-नातेवाईक मेळाव्यातील भाषण)



जखम झाली की रक्तातील पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीबाहेर पडून जंतूंच्या दिशेने सरकू लागतात. त्यांना पाय नसतात. त्यांना चालविते ते ‘अ‍ॅक्टिन’ हे प्रथिन. हंगेरीचे शास्त्रज्ञ ब्रूनो स्ट्राउब यांनी १९४२ साली स्नायूंतील या प्रथिनाचा शोध प्रसिद्ध केला.

अ‍ॅक्टिनचे कण जुळून सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचा तंतू होतो. परंतु नुसत्या सुताने कापड विणले जात नाही, कांडी भरणारे व तुटला धागा जोडणारे हात लागतात, हे यंत्रमागांच्या या गावाला सांगणे नलगे. पेशीतही ‘प्रोफिलिन’ कण पुरविते, ‘आर्प २/३’ जुन्या तंतूला सुमारे ७० अंशांच्या कोनात नवी फांदी फोडते आणि ‘कोफिलिन’ जुने तंतू तोडून कण मोकळे करते. वाढत्या फांद्यांच्या रेट्याने पेशीची कड पुढे सरकते.

फांदी केव्हा फोडायची, हा इशारा रक्तपेशींत ‘वॉस्प’ हे प्रथिन देते. त्याचे जनुक १९९४ साली सापडले. ते बिघडल्यास ‘विस्कॉट-अल्ड्रिच’ हा दुर्मिळ आजार होतो. अंगावर लाल-जांभळे ठिपके, रक्तस्राव, इसब, वारंवार होणारा कानाचा वा फुप्फुसाचा जंतुसंसर्ग ही त्याची लक्षणे. प्लेटलेट संख्येने कमी आणि आकाराने लहान असणे ही महत्त्वाची खूण होय. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने आजार प्रामुख्याने मुलग्यांना होतो. बहुधा ते आईकडून येते. ती स्वतः निरोगी असते. म्हणून कोणत्याही घराने त्या माउलीला बोल लावू नये.

योग्य दात्याच्या अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणाने हा आजार बरा होऊ शकतो. मात्र निदान लवकर व्हावयास हवे. मुंबईत परळ येथील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत अशा प्रतिकारशक्तीच्या जन्मजात दोषांचे निदान होते. केंद्र शासनाच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात याचा पहिल्या गटात समावेश असून, २०२२ पासून निर्धारित केंद्रांत ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली. मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय त्यांपैकी एक आहे.

मात्र तेथवर पोहोचण्यासाठी पहिली तपासणी, प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च कुटुंबालाच पेलावा लागतो. दात्यांचा रुपया तेथे मोलाचा ठरतो. ज्या बालकाच्या पेशींची वाट अडली आहे, त्याच्या उपचारांची वाट तरी अडू नये, एवढीच आपणांस नम्र विनंती.